गॉथिक हॉरर कॅम्पेन सुरू करायचंय. पहिली दोन पुस्तकं कोणती घेऊ?

कंदीलवाला

नमस्कार मंडळी,

तीन वर्षं डंजन्स अँड ड्रॅगन्स या टेबलाभोवती बसून, पात्रं घेऊन खेळायच्या खेळाची पाचवी आवृत्ती चालवतोय, डीएम (गोष्ट सांगणारा, खेळ चालवणारा) म्हणून. २०१४ची मूळ तिन्ही पुस्तकं जवळ आहेत, त्यातल्या मॉन्स्टर मॅन्युअलची शिवण आता उसवायला लागली आहे. गेल्या महिन्यात आमचं मोठं कॅम्पेन (अनेक बैठका चालणारी एकच गोष्ट) संपलं. ड्रॅगन मेला, खजिना वाटून झाला, अकराव्या लेव्हलच्या पाच वीरांनी एकमेकांचा जयजयकार केला आणि मग पाचही जण एका सुरात म्हणाले की आता काहीतरी भीतीचं खेळू. धुकं, पडका किल्ला, शापित घराणं, मेणबत्ती घेऊन जिना उतरायचा, असलं.

मलाही हेच हवं होतं. फक्त मला हे जमत नाही, हेही मला चांगलंच ठाऊक आहे.

मागच्या वर्षी मी एक सेशन भुताचं केलं होतं. ओस गाव, मधोमध विहीर, विहिरीत बुडून मेलेली बाई. दोन रात्री बसून वर्णन लिहिलं. पाण्यावर पसरलेले केस, दगडाच्या फटीत मोडून राहिलेली नखं, सगळं. ती हळूहळू काठावर आली आणि आमचा रोग (म्हणजे इंग्रजी 'रोग', चोराचं पात्र खेळणारा; हो, टेबलावर त्याला सगळे असंच म्हणतात, दोन्ही अर्थांनी) म्हणाला, "मावशी, टॉवेल देऊ का?" झालं. पुढचा दीड तास मावशी. कोणी तिला पाण्याचं तापमान विचारलं, कोणी नवऱ्याची चौकशी केली. मी पण हसत होतो, काय करणार. पण घरी येऊन वही मिटली ती पुन्हा उघडली नाही.

तर आता प्रश्न. सध्या दोनच पुस्तकं घेणं परवडेल. नजरेत आहेत ती अशी: 'कर्स ऑफ स्ट्राड' (२०१६) आणि 'व्हॅन रिक्टेन्स गाइड टू रेव्हनलॉफ्ट' (२०२१). एक मित्र म्हणतो नव्या पुस्तकांत दम नाही, नव्वदीतलं रेव्हनलॉफ्ट (याच खेळाचं गॉथिक हॉरर जग) शोध. दुसरा म्हणतो डंजन्स अँड ड्रॅगन्समध्ये भीती वाटणंच शक्य नाही, सिस्टिम बदल.

माझा कल गाइडकडे आहे. तीसहून जास्त डोमेन (एकेका खलनायकाचे बंदिस्त मुलूख) आहेत त्यात, प्रत्येकाची भीती वेगळी. एक नाही जमलं तर दुसरं. पर्याय हाताशी असलेले बरे, नाही का?

दर पंधरा दिवसांनी चार तास बसतो. वर्षभर चाललं तर आनंद. ज्यांनी खरंच चालवलंय त्यांनी सांगा. नुसती वाचून मतं देणारे माझ्या ओळखीत भरपूर आहेत, मी धरून.

---

अर्धवट_वीस

(खाली कर्स ऑफ स्ट्राडमधल्या गोष्टी उघड केल्या आहेत. खेळाडू म्हणून खेळायचं असेल तर इथूनच परत फिरा.)

कर्स ऑफ स्ट्राड घ्या. गाइड नंतर, किंवा कधीच नाही.

"एक नाही जमलं तर दुसरं" हे तुमचं वाक्य वाचून मला माझाच चेहरा दिसला. २०२१मध्ये गाइड आलं तेव्हा मी नेमकं हेच केलं. आठवडाभर झपाटल्यासारखं वाचून काढलं आणि सहा सेशनमध्ये पार्टीला (खेळाडूंच्या पात्रांच्या टोळीला) तीन डोमेन फिरवून आणली. आधी लामोर्डिया, म्हणजे बर्फ आणि शरीरं शिवणारी डॉक्टर. मग फॅल्कोव्हनिया, दर महिन्याला झोंबींचा वेढा. मग हार'अकीर, वाळवंट आणि ममी. प्रत्येक ठिकाणचं वर्णन झकास, पुस्तकच तसं आहे. सहाव्या सेशननंतर मी सहज विचारलं, "तिन्ही ठिकाणच्या खलनायकांची नावं सांगा." एकालाही एक नाव सांगता आलं नाही. प्रदर्शनातून एका बाजूने शिरून दुसऱ्या बाजूने बाहेर पडावं तशी माझी पार्टी त्या डोमेनांतून बाहेर पडली होती.

यात गाइडचा दोष नाही. ते डीएमला साहित्य पुरवणारं पुस्तक आहे. कोणत्या प्रकारची भीती कशी रचायची, स्वतःचं डोमेन कसं बनवायचं, कॅरेक्टरला एखादी काळी देणगी कशी द्यायची, हे सगळं त्यात फार चांगलं मांडलंय. पण शनिवारी संध्याकाळी टेबलावर काय होणार, हे ते सांगत नाही. तेवढं बांधकाम तुम्हालाच करावं लागतं, आणि तुम्ही म्हणताय की तुम्हाला अजून ते जमत नाही. त्यात 'हाउस ऑफ लॅमेंट' नावाचं एक छोटं साहस आहे, सुरुवातीच्या लेव्हलसाठी, एका झपाटलेल्या घरातलं. पण एवढ्यासाठी अख्खं पुस्तक नको.

स्ट्राडच्या पुस्तकात एक माणूस आहे, स्ट्राड, व्हॅम्पायर. त्या एका गोष्टीवर बाकी सगळं उभं आहे. बारोव्हियाचं खोरं धुक्याने बंद. आत गावं तीन: बारोव्हिया, व्हालाकी आणि क्रेझ्क. आणि कड्यावर किल्ला, त्यात तो. त्यालाही बाहेर पडता येत नाही. शेकडो वर्षं तीच माणसं, तेच रस्ते, आणि कंटाळा. अशा माणसाच्या खोऱ्यात पाच नवे चेहरे आले तर तो काय करेल? बघायला येईल. तिसऱ्या लेव्हलच्या पार्टीसमोर येईल, दोन वाक्यं बोलेल आणि निघून जाईल. इतर कॅम्पेनमध्ये शेवटचा शत्रू शेवटच्या खोलीत बसून वाट बघत असतो. इथे तो वाटेत भेटतो, आणि परत परत भेटतो.

हे १९८३पासूनचं आहे. ट्रेसी आणि लॉरा हिकमन यांचं मूळ रेव्हनलॉफ्ट मॉड्यूल (छापील तयार साहस) जेमतेम ३२ पानांचं. तोवर व्हॅम्पायर म्हणजे तळघराच्या अमुक खोलीतला एक राक्षस, अमुक हिट पॉइंट (किती मार सोसेल तो आकडा). त्यांनी त्याला हेतू दिला. आणि पत्ते दिले. भविष्य सांगणारी बाई पत्ते काढते, आणि त्यावरून कुठली वस्तू कुठे दडली आहे ते ठरतं. २०१६च्या पुस्तकात हे आणखी पसरलंय: पाच पत्ते, पहिल्या तिघांवरून तीन वस्तूंच्या जागा, चौथ्यावरून तुमच्या बाजूने उभा राहणारा, पाचव्यावरून स्ट्राड शेवटी किल्ल्यात कुठे सापडेल. खेळाडूंच्या देखत खरे पत्ते काढायचे. मी आयुष्यात बरीच वर्णनं वाचून दाखवली आहेत, पण टेबलावर उलट्या ठेवलेल्या पाच पत्त्यांनी जी शांतता पसरली ती माझ्या कुठल्याच वर्णनाने पसरली नव्हती.

आता तुमच्या रोगबद्दल. माझ्याकडेही एक आहे. प्रत्येक टेबलावर असतो, नसला तर दुसरा कुणीतरी होतो. स्ट्राड पहिल्यांदा समोर आला, काळ्या घोड्यावर, तेव्हा आमचा हा गडी वाकून म्हणाला, "या या, शेटजी!" सगळे फिदीफिदी. मागे मीही तुमच्यासारखाच हिरमुसलो असतो. या वेळी काही बोललो नाही, वहीत एवढंच लिहून ठेवलं: शेटजी. स्ट्राडने मान किंचित लववली आणि घोडा वळवला.

पुस्तकात स्ट्राडकडून जेवणाचं निमंत्रण येतं. मी ते पत्र जाड कागदावर हाताने लिहिलं, घडी घातली, लाल मेणाचा ठिपका टाकला आणि तीन सेशननंतर रोगच्या हातात दिलं. मजकूर अगदी सभ्य. किल्ल्यावर यावं, घोडागाडी पाठवतो आहे, कुणीही वाटेत त्रास देणार नाही. आणि खाली सही: "आपला, शेटजी."

त्याने ते मोठ्याने वाचायला सुरुवात केली होती. सहीपाशी थांबला. मग शेजारच्याकडे सरकवलं. रोग म्हणाला, "हे नाव मी आपल्या कॅम्पमध्ये घेतलं होतं ना नंतर? रात्री? तेव्हा तिथे कोण होतं?" मी फक्त खांदे उडवले. त्या रात्री पहिल्यांदा त्यांनी पहाऱ्याच्या पाळ्या लावल्या.

तुमच्या मावशीत चूक काय होती सांगू? तिला टॉवेल विचारला आणि तिने तो घेतला नाही. घ्यायचा होता. पुढच्या गावात, दुसऱ्याच विहिरीच्या काठावर, तोच टॉवेल नीट घडी करून ठेवलेला.

आता पुस्तकाची भानगड. सुरुवातीला परिशिष्टात 'डेथ हाउस' म्हणून एक घर आहे, पहिल्या लेव्हलसाठी. सगळे तिथून सुरू करतात, मीही केलं. तळघरात शेवटी जे उठतं ते शॅम्बलिंग माउंड, पालापाचोळ्याचा ढिगारा, १३६ हिट पॉइंट. माझी चार जणांची पार्टी लढायला उभी राहिली, कारण मी त्यांना पळता येतं हे कधी शिकवलंच नव्हतं. चारही मेले, दुसऱ्याच सेशनला. गंमत म्हणजे अख्ख्या पुस्तकाचा नायक-खलनायक जो स्ट्राड, त्याचे हिट पॉइंट १४४. म्हणजे तळघरातल्या ढिगाऱ्यापेक्षा आठ जास्त! अर्थात स्ट्राड एका जागी उभा राहून मार खात नाही, भिंतीतून जातो, जखमा भरून येतात, गुलाम पाठवतो. चांगला चालवला तर हिट पॉइंट मोजायची वेळच येत नाही.

पुस्तक आधी सबंध वाचा. इथे उडतउडत वाचून चालत नाही, धागे फार गुंतलेले आहेत. मी पेन्सिलीने समासात कोण कुणाला ओळखतो ते लिहीत गेलो, ते पुढे वर्षभर कामी आलं.

---

सहापैकी_सहा

अर्धवटराव, पत्राचा किस्सा ऐकून टाळी. पण एक विचारतो. तुमची पार्टी पाचव्या लेव्हलला पोचल्यावर, विझार्डला (जादूगाराला) फायरबॉल हा आगीच्या गोळ्याचा मंत्र मिळाल्यावर, पहारे लावत होती का?

माझा अनुभव असा की डंजन्स अँड ड्रॅगन्स खेळाडूला दर काही सेशननी आणखी ताकद देतं, आणि भीतीला नेमकं उलटं हवं असतं. क्लेरिक (देवाच्या शक्तीने जादू करणारा) रोज सकाळी उठून नवे स्पेल, म्हणजे मंत्र, घेतो, रात्रभर झोपलं की सगळ्या जखमा गायब. कसली डोंबलाची भीती? डीएमने कितीही सुंदर पत्रं लिहिली तरी खेळाडूच्या कॅरेक्टर शीटवर त्याला कळत असतं की आपण बलवान होत चाललोय.

कंदीलवाले, तुमच्या दुसऱ्या मित्राचं ऐका. फ्री लीग या प्रकाशकाचा 'व्हेसन' (२०२०) हा वेगळा खेळ बघा. एकोणिसाव्या शतकातला स्कँडिनेव्हिया, कल्पनेतला. जंगलं तोडली जातायत, कारखाने येतायत, आणि माणसांच्या शेजारी पूर्वापार राहणारे अदृश्य जीव बिथरलेत. खेळाडू म्हणजे त्यांना बघू शकणारी माणसं: एखादा पाद्री, एखादा डॉक्टर, एखादी लेखिका. उप्सालातल्या एका जुन्या वाड्यात त्यांचं ठाणं. लेव्हल नाहीत.

नियम पाच मिनिटांत सांगून होतात. सहा बाजूंचे फासे मूठभर टाकायचे, एक जरी सहा पडला तरी काम झालं. नाही पडला तर पुन्हा टाकता येतात, पण त्यासाठी अंगावर एक अवस्था घ्यावी लागते. शरीराच्या तीन, मनाच्या तीन. दमलात, मार बसला, जखमी झालात. चिडलात, घाबरलात, हताश झालात. तिन्ही भरल्या आणि आणखी एक आली की तुम्ही कोसळलात. म्हणजे काय होतं बघा: खेळाडू स्वतः म्हणतो, "ठीक आहे, मी घाबरतो, पण फासे पुन्हा टाकू दे." डीएमने घाबरवायला नको, खेळाडू भीती विकत घेतो. तुमच्यासारख्या हसऱ्या टेबलाला हे फार छान लागू पडतं, कारण हसत हसत त्यांच्या शीटवर तीन खुणा झालेल्या असतात.

आणि दुसरं, व्हेसन (म्हणजे ते अदृश्य जीव) सहसा तलवारीने मरत नाही. तो का चिडला ते शोधायचं, मग त्याला घालवायचा विधी शोधायचा. तोवर पळायचं. प्रत्येक प्रकरणाला उलटी मोजणी असते: तुम्ही काही केलं नाहीत तर आधी हे बिघडेल, मग ते, मग सर्वनाश. एक प्रकरण दोन-तीन सेशनमध्ये संपतं. पंधरवड्याने एकदा भेटणाऱ्यांना आधीचं काही आठवत नसतं, त्यांना हे बरं.

मूळ पुस्तक आणि 'अ विकेड सीक्रेट', त्यात चार तयार प्रकरणं आहेत. झाली तुमची दोन पुस्तकं.

---

जुनी_पेटी

मी कंदीलवाल्यांच्या पहिल्या मित्राच्या बाजूची. १९९०ची रेव्हनलॉफ्टची 'रेल्म ऑफ टेरर' पेटी अजून माझ्याकडे आहे, कोपरे चिकटपट्टीने धरून ठेवलेत. पण खरं सांगते, पहिल्यांदा चालवणाऱ्याने ती घेऊ नये. दुसऱ्या आवृत्तीचे नियम तुमच्या पोरांना बदलून द्यायचे म्हणजे दर सेशनला हिशेबनीसाचं काम.

त्यातली एकच गोष्ट उचला. पॉवर्स चेक. कॅरेक्टरने जाणूनबुजून दुष्ट काम केलं की डीएम शेकड्याचे (१ ते १००) फासे टाकतो. कृत्य जितकं वाईट तितकी शक्यता जास्त. फासा विरुद्ध गेला की अंधारातल्या शक्तींचं लक्ष जातं, आणि त्या शिक्षा करत नाहीत, आधी बक्षीस देतात. लहानसं काहीतरी, उपयोगाचं. सोबत लहानसा डाग. पुढच्या वेळी दोन्ही मोठं. शेवटच्या पायरीला कॅरेक्टर डीएमच्या ताब्यात, स्वतःच एका डोमेनचा कैदी-मालक.

आमच्या क्लेरिकने एका कैद्याला बांधलेल्या अवस्थेत जंगलात सोडलं. फासा गेला. मी तिला अंधारात बघायची शक्ती दिली आणि तिची सावली तिच्यापेक्षा क्षणभर उशिरा हलायला लागली. त्या बाईने वर्षभर कंदिलाजवळ उभं राहणं टाळलं. पार्टीत कुणी विचारलंच नाही का ते, आणि तिने सांगितलं नाही.

सहापैकी_सहा, तुमच्या फायरबॉलवर माझं उत्तर हेच. ताकद मिळू दे की. कुठून मिळते एवढं फक्त बदलायचं.

---

कंदीलवाला

बाप रे, एवढं लिहिलंत सगळ्यांनी! पत्राची कल्पना मी चोरली आहे असं समजा.

रात्री सगळ्यांना मेसेज टाकला होता की स्ट्राडकडे वळतोय बहुतेक. त्यावर आमच्या ड्रूइडचा (निसर्गाची जादू करणारं पात्र खेळते तिचा) वेगळा निरोप आला. ती म्हणाली, खेळायला उत्सुक आहे, रक्त चालेल, मृत्यू चालेल, पण लहान मुलांना इजा होण्याचे प्रसंग टेबलावर अजिबात नकोत. कारण सांगितलं नाही, मी विचारलंही नाही. मला वाटतं हे पाळायला फार अवघड जाऊ नये?

---

अर्धवट_वीस

मालक, हे पहिल्या पोस्टच्या पहिल्या ओळीत लिहायचं असतं!

अवघड जाईल. कारण विचारलं नाहीत ते उत्तम केलंत, पण या पुस्तकात मुलांचे प्रसंग मोक्याच्या जागी बसवलेत. मला आठवतात ते सांगतो, तुम्ही वाचताना आणखी शोधा.

डेथ हाउस सरळ वगळा. त्या घराची कथाच दोन कोंडून मेलेल्या भावंडांवर उभी आहे, ती काढली तर घर उरत नाही. ते परिशिष्टात आहे, सक्तीचं नाही. तिसऱ्या लेव्हलने थेट बारोव्हिया गावातून सुरू करा. अकराव्या लेव्हलवरून आलेल्या लोकांना पहिली लेव्हल तशीही जड जाते.

ओल्ड बोनग्राइंडर म्हणजे पवनचक्कीतल्या चेटकिणी. त्या विकतात त्या पदार्थात काय असतं ते वाचाल तेव्हा कळेल, आणि गावकरी मोबदल्यात काय देतात तेही. इथे मी असं बदलेन: मोबदला म्हणून एक आठवण द्यायची. लग्नाचा दिवस, आईचा चेहरा. गावात फिरताना अशी माणसं भेटतात ज्यांना आपल्याच घरातल्या तसबिरीतली बाई कोण ते सांगता येत नाही. चक्की तशीच, चेटकिणी तशाच, दळतात ते वेगळं.

झारोविच तळ्यावर एक कोळी पोतं घेऊन होडीत बसलेला असतो. पोत्यात लहान मुलगी. तिथे मोठं माणूस ठेवा. भटक्यांच्या तांड्यातलं कुणी, म्हणजे पुढचा धागा तुटणार नाही.

एवढं करूनही मग भीती कुठून आणायची असं वाटेल. पहिल्याच गावात आहे. गावप्रमुख मेलाय, त्याची मुलगी आयरीना आणि मुलगा इझमार्क यांना शवपेटी चर्चमध्ये न्यायला मदत हवी. गावातलं कुणी येत नाही. पाचही जणांना पेटी उचलू द्या. कोण कुठल्या कोपऱ्याला आहे ते विचारा, एक हात अडकलेला असणार, शस्त्र कुणाकडे आहे ते विचारा. रस्त्यात काहीही होऊ देऊ नका. काहीच नाही. माझ्या टेबलावर तेवढ्या चालण्याला पंचवीस मिनिटं लागली आणि फासा एकदाही पडला नाही. चर्चमध्ये पोचतात तर पाद्री डोनाविच गुडघे टेकून पुटपुटतोय, आवाज बसलाय. आणि फरशीखालून त्याचा तरुण मुलगा ओरडतोय की भूक लागली. बाप प्रार्थनेचा आवाज वाढवतो. बस. मुलगा जाणता आहे, त्यामुळे ड्रूइडची अट मोडत नाही, पण तिला आधी एकदा विचारून घ्या की असं चालेल का. कथा फोडायची नाही, एवढंच म्हणायचं: मोठा मुलगा आणि बाप, असा एक प्रसंग आहे.

आणि दुसरं पुस्तक आत्ता घेऊच नका. सहा सेशन होऊ द्या. तेव्हा तुम्हाला कळेल की तुमच्याकडे कमी काय पडतंय.

---

सहापैकी_सहा

प्रामाणिकपणे सांगायचं तर या अटीला व्हेसनही आपोआप पाळणारं नाही. पाळण्यातलं मूल बदलून नेणं हा तिकडच्या लोककथांचा जुना विषय आहे. तिथेही निवडूनच प्रकरणं घ्यावी लागतील. मी मघाशी हे लिहायला हवं होतं.

फायरबॉलबद्दल माझं मत तसंच आहे.

---

कंदीलवाला

ठरलं. एकच पुस्तक, कर्स ऑफ स्ट्राड, सुरुवात तिसऱ्या लेव्हलने, सोबत जुनी_पेटी यांचे शेकड्याचे फासे. ड्रूइडला विचारलं, बाप-मुलगा चालेल म्हणाली, वर "आता मला झोप नाही येणार" असंही म्हणाली. तिच्या आवाजावरून ती खूश होती.

रोगला मी काहीच सांगितलेलं नाही. त्याने आपण होऊन विचारलं की या कॅम्पेनमध्ये मावशी आहे का.

एक शेवटचं. भविष्याचे ते टॅरोका पत्ते वेगळे विकत घ्यावे लागतात का? नाहीतर तिथेच माझं दुसरं पुस्तक जायचं.

---

अर्धवट_वीस

नाही हो. टॅरोकाचे पत्ते ५४, आणि साध्या कॅटमध्ये दोन जोकर धरून तेवढेच. पुस्तकात जुळवणी दिली आहे. इस्पिक म्हणजे तलवारी, किलवर म्हणजे तारे, चौकट म्हणजे नाणी, बदाम म्हणजे चिन्हं. एक्का ते दश्शी हा ४० पत्त्यांचा साधा गठ्ठा. गुलाम, राणी, राजा आणि दोन जोकर, हे चौदा वेगळे काढून त्यांचा दुसरा गठ्ठा. वस्तूंचे तीन पत्ते साध्या गठ्ठ्यातून, साथीदार आणि स्ट्राड यांचे दुसऱ्यातून.

कॅट जुना घ्या, वापरून मऊ झालेला. आणि पत्ते पिसायला रोगला द्या.